नीट असलेल्या वस्तू

खात्यात त्यांना सगळे मुद्देसाहेब म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि बायकोच्या माहेरी ठाऊक होतं, बाकी कुणाला त्याची गरज पडली नाही. समोरचा माणूस बोलायला लागला, की तिसऱ्या वाक्याला साहेब पेन टेबलावर आपटत आणि म्हणत, "मुद्द्याचं बोला." मग तो चोर असो, साक्षीदार असो, नाहीतर त्यांची सासू असो. सासूने त्यावरून एकदा दोन महिने अबोला धरला होता, आणि साहेबांच्या मते ते दोन महिने फार सुखाचे गेले.

शिपाई म्हणून लागलेला हा माणूस वर चढला तो अक्षराच्या जोरावर. त्यांच्या पहिल्या वरिष्ठांनी सांगितलं होतं, "जबाब अर्ध्या पानात बसला पाहिजे. कोर्टाला कादंबरी नको असते." साहेबांनी ते अंगी बाणवलं. रडणारी, भांबावलेली, एकच गोष्ट चारदा सांगणारी माणसं त्यांच्यासमोर येऊन बसत, आणि ती उठेपर्यंत कागदावर सात-आठ स्वच्छ वाक्यं तयार असत. आधी खिशातल्या वहीत कच्चं टिपण, मग त्यातलं फालतू काटून पक्का जबाब. तेहतीस वर्षं हेच केलं. वकील खूश, न्यायाधीश खूश, वरिष्ठ खूश. अशा माणसाची बढती कोण अडवणार?

एकच फाइल मात्र बंद झाली नाही. नऊ वर्षांपूर्वी चार महिन्यांत तीन बायकांचा खून झाला. तिघी साठीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. दाराला ओरखडा नाही, कपाटाला हात नाही. तोंडावर उशी दाबलेली, आणि नंतर प्रत्येकीचा चष्मा पुसून, घडी घालून तिच्या हातात ठेवलेला. चष्म्याची गोष्ट खात्याने बाहेर फुटू दिली नव्हती. साहेबांनी जंग जंग पछाडलं. दूधवाला, पेपरवाला, भाचे, पुतणे, भाडेकरू सगळे पालथे घातले. हाती काही लागलं नाही. मग खून आपोआप थांबले, आणि तीन वर्षांनी साहेब हार-तुरे घेऊन घरी आले.

घरी आले म्हणजे शरीराने आले. बसतील तर शपथ. सकाळी बाल्कनीतून दारापर्यंत, दारापासून बाल्कनीपर्यंत येरझाऱ्या. खिडकी लावायची, उघडायची, पुन्हा लावायची. पेपर उघडला की आधी आतलं पान, जिथे एकटीदुकटी बाई मेल्याची बातमी येऊ शकते. जेवताना मध्येच हात थांबायचा. "काहीतरी सुटलंय," ते म्हणायचे. बायको म्हणायची, "जेवणाचं भान सुटलंय तुमचं, दुसरं काय." तिने सहा वर्षं हे सहन केलं. तिलाही निवृत्ती हवी होती, पण तिची नोकरी त्या जातीची नव्हती.

अशातच एका मंगळवारी सकाळी त्यांची शिष्या दारात उभी राहिली. साहेबांच्या हाताखाली शिकलेली ही पोरगी आता गुन्हे शाखेची प्रमुख होती, पण साहेबांसमोर अजून खुर्चीच्या कडेवरच बसायची.

"सर, पाच आठवड्यांत दोघी गेल्या," ती म्हणाली. "चष्मा पुसून हातात ठेवलेला."

तो माणूस मेला असेल, तुरुंगात असेल, परगावी गेला असेल, अशी सहा वर्षं त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. तो इथेच होता.

"मागच्या वेळी दोन खुनांत किती दिवस गेले होते?" त्यांनी विचारलं, जणू त्यांना पाठ नव्हतं.

"आठ आठवड्यांच्या आत, दर वेळी. या वेळी पाच. म्हणजे आपल्या हातात महिना आहे, नाहीतर तेवढाही नाही. फाइल तुमची आहे, सर. तुम्ही बघितलीत तर..."

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. तब्येत, वय, मुलीने घेतलेलं वचन, अशी सगळी कारणं तिच्या तोंडून यावीत म्हणून ते थांबले. पण बायको म्हणाली, "जा हो. ही फरशी झिजण्यापेक्षा तिकडची झिजू दे."

शाखेत त्यांना कोपऱ्यातलं टेबल मिळालं, मोडक्या पंख्याखालचं. साहेबांनी तीन जुन्या फाइली पुढ्यात ओढल्या आणि वाचायला बसले. अक्षर बघून आधी थोडा अभिमान वाटला, हे खोटं कशाला सांगा. एकूण बासष्ट जबाब, एकातही खाडाखोड नाही. दुपारपर्यंत निम्मे वाचून झाले आणि साहेब अस्वस्थ झाले. दुसऱ्या दिवशी उरलेले वाचले, तेव्हा त्यांनी शिष्येला हाक मारली.

"हे ऐक," म्हणाले आणि वेगवेगळ्या फाइलींतले चार जबाब त्यांनी नावं न सांगता वाचून दाखवले. "कोण बोलतंय?"

शिष्या गोंधळली. "एकच माणूस आहे ना?"

"एक दूधवाला, एक मुलगी, एक बहीण आणि एक बहिरा शेजारी. बासष्ट माणसं आहेत यात, आणि सगळी माझ्याच तोंडाने बोलतायत. माणसं गेली कुठे?"

शिष्येने नव्या फाइली उघडून पाहिल्या. तिनेही जबाब घ्यायला याच मास्तरांकडून शिकलं होतं, आणि नव्या दोन खुनांचे जबाबही अर्ध्या पानातच बसले होते.

मग साहेबांनी अशी एक गोष्ट केली, की खात्यातल्या जुन्या मंडळींनी डोक्याला हात लावला. ते पुन्हा घरोघर निघाले आणि लोकांना नुसतं बोलू देऊ लागले. पेन खिशात. लोक काय, बोलायला मिळालं की थांबतात थोडेच? पहिल्या बाईच्या मुलीने दीड तास आईच्या स्वभावाचा पाढा वाचला. साहेबांची बोटं टेबलावर आपटायला शिवशिवत होती. त्यांनी ती मांडीखाली दाबून धरली.

दुसऱ्या बाईची धाकटी बहीण कपडे अल्टर करायची. रस्त्याच्या कडेला तिचं दहा बाय आठचं दुकान होतं. एक मशिन, एक इस्त्री, भिंतीवर चिठ्ठ्या टाचलेल्या पँटींची रांग. तिने साहेबांना ओळखलं आणि एक स्टूल पुढे सरकवलं, पण पाय मशिनवरच ठेवला.

"साहेब, मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "तेव्हाच सांगायला हवं होतं, माझ्याकडून राहिलं. नऊ वर्षं खातंय मला ते."

"सांगा."

"तुम्हाला वाटेल, काय वेड्यासारखं बोलतेय."

"वाटू दे. सांगा."

"ताईच्या मोरीतला नळ गळायचा. टप टप टप. मी तिच्याकडे झोपायला गेले की मला झोप लागायची नाही, आणि ती म्हणायची, सवय होते गं. दोन महिने तिने तो तसाच ठेवला होता. त्या दिवशी ती... तशी पडलेली, घरात एवढी माणसं, आणि मला एकच कळत होतं, की आवाज येत नाहीये. नळ गळत नव्हता, साहेब. कुणीतरी वायसर बदललं होतं. आणि ताई तर प्लंबरला बोलावणारी बाई नव्हती, फार चिकट होती." तिने पदराने नाक पुसलं. "तुम्ही जबाब वाचून दाखवलात, मी सही केली, तेव्हा लक्षात आलं नाही. नंतर घरी गेल्यावर आठवलं. म्हटलं, आता काय जायचं एवढ्याशासाठी. तेव्हाच बोलले असते तर..."

"त्याने काही फरक पडला नसता," साहेब घाईने म्हणाले. तिथून बाहेर पडल्यावर मात्र ते रस्त्याच्या मधोमध थांबले आणि मागच्या रिक्षावाल्याने त्यांचा उद्धार केला.

पंचनामा कसा लिहितात? कुलूप तुटलेलं, काच फुटलेली, कपाट उचकलेलं, रक्ताचे डाग अमुक फुटांवर. जे बिघडलंय ते सगळं लिहायचं. जे ठीक आहे ते कोण लिहितो? चालू घड्याळाची नोंद आजवर कुठल्या पोलिसाने केली होती? साहेब जवळजवळ धावतच पहिल्या बाईच्या मुलीकडे परतले.

"आईच्या घरात तेव्हा काही दुरुस्त झालं होतं का? नेहमी मोडकं असायचं असं काही?"

मुलगी विचारात पडली. "स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार. ते आपोआप उघडायचं, आईच्या कपाळाला दोनदा लागलं होतं. ते... हो की, ते बंद राहत होतं. मला वाटलं, तुमच्याच माणसांनी केलं असेल."

त्याच दुपारी साहेब शिष्येला घेऊन नव्या दोन घरांत गेले. शिष्येने सवयीने फरशीवर नजर टाकली. "फरशी सोड," साहेब म्हणाले. "या घरात काय नीट आहे ते बघ." दोघं बिजागऱ्या, बटणं, कड्या तपासत फिरले. पहिल्या घरात खिडकीच्या गंजक्या कडीला तीन जुने स्क्रू होते आणि एक नवा, लखलखीत. दुसऱ्या घरात खुर्चीचा पाय कुणीतरी सफाईने, फेविकॉल लावून, सुतळीने आवळून जोडला होता. सुतळी अजून तशीच होती. वाळल्यावर सोडायची राहिली होती.

"तो घरात येतो, बसतो, काम करतो," शिष्या हळू आवाजात म्हणाली. "आणि मग..."

"आणि त्याला आधीच ठाऊक असतं, काय मोडलंय. म्हणजे तो आधी एकदा येऊन गेलेला असतो."

आता प्रश्न एकच होता, आणि साहेबांना तो बसू देईना, जेवू देईना. एकट्या बाईच्या घरी कोण जातं? त्यांनी चौथ्या बाईच्या मुलीला विचारलं. ती बँकेत कॅशियर होती, आणि काउंटरमागून वैतागून म्हणाली, "किती वेळा सांगू? आईकडे कोणी म्हणजे कोणी यायचं नाही. तिला गुडघ्यांमुळे जिना उतरता येत नव्हता, दाखल्याला सुद्धा तो माणूसच घरी यायचा."

"कोण माणूस?"

"अहो, पेन्शनच्या कचेरीतला. हयातीचा दाखला नाही का, माणूस जिवंत आहे म्हणून? ज्यांना जाता येत नाही त्यांच्या घरी कारकून येतो, सही घेतो. तो काय पाहुणा आहे?"

साहेब स्वतः पेन्शनर. दर वर्षी जिवंत असल्याचं सिद्ध करायला ते रांगेत उभे राहत आणि रांगेला शिव्या देत. पाचही बायका पेन्शन घेणाऱ्या होत्या, पाचही जणींचे गुडघे गेलेले होते, आणि पाचही घरांत दाखल्याची पोचपावती फायलीत व्यवस्थित लावलेली असणार. व्यवस्थित लावलेली, म्हणूनच ती कुणी वाचली नव्हती.

पेन्शन कचेरीतल्या हेडक्लार्कने आधी अर्ज मागितला, मग शिष्येचा हुद्दा बघून खुर्ची मागितली, स्वतःसाठी. गृहभेटींच्या याद्या निघाल्या. नऊ वर्षांपूर्वीच्या तिन्ही नावांपुढे एकच सही होती. मधली आठ वर्षं त्या सहीचा माणूस रेकॉर्ड विभागात बदलून गेला होता. यंदा माणसं कमी पडली म्हणून त्याला पुन्हा घरभेटींवर घेतलं, आणि नव्या दोन नावांपुढे पुन्हा तीच सही.

"तो?" हेडक्लार्क म्हणाला. "अहो, देवमाणूस आहे. कचेरीतला हा स्टेपलर, ती खिडकी, सगळं तोच दुरुस्त करतो. आज अर्धी रजा टाकून गेलाय."

शिष्येचं बोट यादीवरून खाली सरकलं. शेवटची भेट बारा दिवसांपूर्वीची होती. निवृत्त शिक्षिका, एकटी, तिसरा मजला. भेट आणि खून यांतलं अंतर त्यांनी मोजलं: अकरा दिवस, चौदा दिवस, बारा, तेरा, बारा. पुढचं मोजायला दोघंही थांबली नाहीत.

शिक्षिकेच्या जिन्यात साहेबांना धाप लागली. शिष्या दोन शिपायांसह पुढे होती आणि दारावर धडक मारणार होती. साहेबांनी हात वर करून तिला थांबवलं. आत बाई त्याच्या हाताशी होती. त्यांनी नुसती बेल दाबली. बेल वाजली, खणखणीत.

"अगं बाई, वाजली की हो!" आतून आनंदाने भरलेला आवाज आला. "तीन वर्षांनी वाजली!"

बाईंनीच दार उघडलं. नाकावर चष्मा, चेहऱ्यावर कौतुक. त्यांच्या मागे, दाराजवळच्या स्टुलावर, पन्नाशीचा एक सडपातळ माणूस स्क्रूड्रायव्हर घेऊन उभा होता. सोफ्यावरची उशी त्याने आधीच आणून स्टुलापाशी ठेवली होती. शिपायांनी त्याला धरलं तेव्हा तो झटापट करेना, ओरडेना. बेलच्या डब्याकडे बघत म्हणाला, "एक स्क्रू राहिलाय." बाई शिपायांवरच चिडल्या. असल्या चांगल्या माणसाला धरता म्हणून त्यांनी शिष्येची खरडपट्टी काढली, आणि शिष्येने ती खाली मान घालून ऐकून घेतली, कारण बाई ओरडू शकत होत्या.

पेपरात साहेबांचा फोटो आला. खात्याने पुन्हा हार घातला. मुलीचा फोन आला, जावयाचा आला, सासू हयात असती तर तिचाही आला असता. पण साहेबांची फरशीवरची वारी थांबेना. आता तर पकडला ना, बायको विचारत होती, मग आता काय राहिलंय?

काय राहिलं होतं ते साहेबांनाही सांगता येईना. तिसऱ्या दिवशी ते माळ्यावरून कच्च्या टिपणांच्या वह्या काढून बसले. खटल्यासाठी लागतील, असं त्यांनी बायकोला सांगितलं, आणि ते खरंही होतं. नऊ वर्षांपूर्वीची वही सापडली. दुसऱ्या बाईच्या बहिणीचं पान सापडलं. त्यावर साहेबांच्याच अक्षरात लिहिलं होतं: "नळ गळायचा थांबला म्हणते. दोनदा म्हणाली." त्यावर एक सरळ रेघ मारलेली होती, आणि कडेला एक शब्द: "फालतू."

तिने सांगितलं होतं. तिसरा खून व्हायच्या सात आठवडे आधी सांगितलं होतं. ती शोकात होती, बोलता बोलता भरकटत होती, आणि त्यांनी पेन आपटलं असणार. त्यांना तो दिवस आठवेना. असे दिवस आठवतील इतके थोडे नव्हते.

बायकोने वाचलं. वही त्यांच्यापुढे ठेवत ती म्हणाली, "हे कुणाला माहीत आहे?"

"तुला आणि मला."

"माणूस पकडलाय. फाशी होईल नाहीतर जन्मठेप. या एका पानाने त्यात काय फरक पडणार?" ती खरंच विचारत होती. सहा वर्षांनी घरात हसू आलं होतं, ते जावं असं कुणाला वाटेल?

"खटल्यात नाही पडणार," साहेब म्हणाले आणि चपला शोधू लागले.

दुकानात बहीण कुणाच्या तरी पँटची शिवण उसवत होती. तिने हसून स्टूल पुढे केलं. पेपरातला फोटो तिने इस्त्रीच्या वरच्या भिंतीवर चिकटवला होता. साहेब बसले नाहीत. त्यांनी वही उघडून तिच्यासमोर मशिनवर ठेवली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. ओठ हलवत, अक्षर अक्षर लावून.

"म्हणजे मी सांगितलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"दोनदा."

"दोनदा. मी काटलं."

ती रडायला लागली, आणि साहेबांच्या लक्षात आलं की हे रडणं सुटकेचं आहे. नऊ वर्षं तिला वाटत होतं, की आपल्याला वेळेवर आठवलं नाही म्हणून पुढची बाई गेली. यंदा आणखी दोघी गेल्या, त्याही तिने स्वतःच्याच माथी घेतल्या होत्या. तिने डोळे पुसले, वहीचं पान हाताने सरळ केलं, आणि मग हळूहळू तिचा चेहरा बदलत गेला. साहेबांनी नजर खाली वळवली नाही. एवढं तरी त्यांना करायलाच हवं होतं.

"माझ्यानंतर तिघी," ती म्हणाली.

"तिघी."

तिने उठून भिंतीवरचा फोटो काढला. फाडला नाही. घडी घालून त्यांच्या वहीत ठेवला, वही मिटली आणि त्यांच्या हातात दिली.

"त्यांच्या घरी गेलात?"

"अजून नाही. आधी तुमच्याकडे आलो."

"मग इथे कशाला उभे आहात?" ती म्हणाली आणि मशिनवर पाय ठेवला.